शाळा संपली, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला तेव्हा घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारी, "पुढे काय करणार?" या प्रश्नाचा मला कंटाळा आला होता. शेजारीच बसलेल्या माझ्या धाकट्या भावाला मात्र तो कधी कोणी विचारला नाही. तो विशेष शाळेत जातो. यंदा चवथीच्या दिवसांत त्यानेच मला विचारले, "ताय, शाळा सोंपल्यार हांव खंय वचूं?" मला उत्तर देता आले नाही. त्या न दिलेल्या उत्तरापायी हे चार शब्द लिहीत आहे.

विशेष मुलांसाठी आपल्याकडे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. डिचोलीत केशव सेवा साधनाची शाळा आहे, पर्वरीला संजय स्कूल आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर काय? सकाळी गणवेश घालून बसची वाट पाहणारा मुलगा एके दिवशी घरच्या सोप्यावर बसतो, आणि मग तिथेच बसून राहतो. दहा-बारा वर्षांत शिक्षकांनी कष्टाने शिकविलेले दोन-तीन वर्षांत पुसले जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या दिवसाची तयारी तो उजाडल्यावर करून भागत नाही. अमेरिकेत २००४ च्या कायद्याप्रमाणे अशा विद्यार्थ्याच्या सोळाव्या वर्षापर्यंत पुढील आयुष्याची योजना लिहून काढावी लागते. इंग्लंडमध्ये तेरा-चौदाव्या वर्षीच हा विचार सुरू होतो. आपणही चौदाव्या वर्षी शिक्षक, पालक आणि तो मुलगा यांना एकत्र का बसवू नये? त्याला काय आवडते, काय जमते, हे आधी त्यालाच विचारावे. एकट्याने बसने जाणे, सुटे पैसे मोजणे, अनोळखी माणसाला आपले नाव-गाव सांगणे, हे धडे अक्षरांइतकेच महत्त्वाचे आहेत.

कागदपत्रांचेही तसेच. अठरा वर्षांनंतर कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी या समितीवर असतात. आमच्या घरी ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. किती घरांत ठाऊक असेल?

काम कुठे मिळणार, असे कोणी विचारील. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाला, किनाऱ्यावर हॉटेले उभी राहिली. डिचोलीत औद्योगिक वसाहत आहे, मातीकामाची जुनी परंपरा आहे. कपड्यांच्या घड्या घालणे, रोपे वाढविणे, माल खोक्यांत भरणे, चवथीआधी गणपतीच्या चित्रशाळेत माती मळणे, ही कामे माझा भाऊ मन लावून करील. एकदा शिकविलेले काम तो तसूभरही चुकवीत नाही. त्याला दया नको, शिकविणारा एक धीराचा माणूस हवा.

दोष केवळ सरकारचा नाही. आम्ही घरचेही त्याला जपता जपता लहानच ठेवतो. चहाचा कप मी त्याच्या हातून काढून घेते, का, तर सांडेल! आई म्हणते, "हांव आसा म्हणसर बरें, मागीर कोण?" त्या 'मागीर'ची भीती खरी आहे. म्हणूनच तिच्या हयातीतच त्याला पायांवर उभे राहू दिले पाहिजे. बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन प्रौढ मुलांसाठी 'आधार' उभा केला. पेडणे-डिचोलीच्या पालकांनी निदान महिन्यातून एकदा एकत्र बसायला काय हरकत आहे?

आणि आपण महाविद्यालयीन विद्यार्थी? सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवाव्यात, असे कायदा सांगतो. पण जागा कागदावर असून चालत नाही, बाकावर शेजारी जागा करून द्यावी लागते. समाजसेवेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. त्यातली एक सकाळ अशा मुलाबरोबर बसने म्हापशाच्या बाजारात जाण्यात घालवावी, अशी माझी प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना विनंती आहे.

सुरुवात मी घरापासून केली आहे. गेल्या शुक्रवारी भावाने स्वतः बसचे तिकीट काढले. उरलेले पैसे दोनदा मोजले आणि माझ्या हातावर ठेवले. हिशेब बरोबर होता.