नव्या लेन्सची पारख
माल पारखून घ्यावा, ही शिकवण व्यापारी घराण्यांत लहानपणीच मिळते. दुकानातील दागिन्यांच्या वा साड्यांच्या छायाचित्रांसाठी घेतलेली कॅमेऱ्याची लेन्स मात्र पुष्कळदा न तपासताच वापरात येते. दोष ध्यानात येईपर्यंत परतीची मुदत टळून गेलेली असते.

पहिली तक्रार बहुधा ‘फोकस होत नाही’ अशी असते. येथे लेन्सला दोषी ठरविण्याची घाई नको. प्रत्येक लेन्सला वस्तूपासून किमान अंतर लागते. ५० मिलिमीटरच्या अनेक लेन्स सुमारे ३५ ते ४५ सेंटिमीटरांच्या आत फोकस करीत नाहीत. अंगठी त्याहून जवळ ठेवल्यास चित्र धूसरच येणार. त्या कामास मॅक्रो लेन्स हवी. लेन्सवरील कळ ‘एएफ’वर आहे ना, हेही पाहावे.

खरी कसोटी घरीच घेता येते. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवावे, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोर ठेवावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि दोन सेकंदांच्या टायमरने छायाचित्र घ्यावे. चारही कोपरे मध्यभागापेक्षा थोडे सौम्य दिसणे स्वाभाविक आहे. एकच कोपरा पुसट आला, तर कॅमेरा तिरपा नसल्याची खात्री करून पुन्हा छायाचित्र घ्यावे. तोच कोपरा पुन्हा पुसट दिसल्यास आतील भिंग केंद्रापासून सरकलेले असण्याचा संभव असतो. अशी लेन्स दोन्ही छायाचित्रांसह मुदतीतच परत करावी.

दोष नसता माल परत करणे जसे अनुचित, तसे दोष दिसूनही गप्प राहणे हा तोट्याचाच व्यवहार होय.