मुलुंडचा नाका आणि आमचा सातबारा



मुंबईत शिरायला पाच टोलनाके. वाशी, ऐरोली, मुलुंडला दोन आणि दहिसर. या नाक्यांवर मोटारगाडीला ४५ रुपये पडत. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून मोटारींचा टोल माफ झाला. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, विधानसभा निवडणूक जाहीर झाली. अर्ज नाही, अंगठा नाही, यादी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. चार लाखांची गाडी असो की चाळीस लाखांची, काचसुद्धा खाली न करता निघून गेली.

हा टोल कशाचा होता ते आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. १९९५ साली युतीचे सरकार आले तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर गाड्यांची दाटी झाली होती. ५५ उड्डाणपूल बांधायचे ठरले. १९९६ साली महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ काढले. बांधकाम मंत्री होते नितीन गडकरी, आपल्या नागपूरचे. पुलांपैकी बरेचसे उपनगरांत आले. अंधेरी-बोरिवलीकडे जाणाऱ्या पश्चिम द्रुतगती मार्गावर आणि घाटकोपर-मुलुंडच्या पूर्व द्रुतगती मार्गावर. महामंडळाने कर्ज उचलले आणि सांगितले, जो रस्ता वापरेल तो पैसा भरेल. आम्हाला ते पटले होते. ज्याने खावे त्याने द्यावे, यात वाईट काय? शेतकऱ्याला कोणाचे फुकट नको, आणि शेतकऱ्याने कोणाला फुकट घालू नये, हीच तर आमची भूमिका.

मग माफ झालेला पैसा गेला कुठे? हवेत विरला नाही. त्याची भरपाई सरकारने द्यायची असे ठरले. सरकार देणार म्हणजे तिजोरी देणार. त्या तिजोरीत आमच्या ट्रॅक्टरच्या डिझेलवरचा कर आहे, बोंडअळीसाठी फवारलेल्या औषधावरचा अठरा टक्के जीएसटी आहे. म्हणजे पूल अंधेरीला, गाडी बोरिवलीची आणि पावती घाटंजीच्या कापूसवाल्याच्या नावावर! आणखी गंमत पाहा. त्या निर्णयात जड मालमोटारींना माफी नव्हती. मुंबईकराची मोटार फुकट, आमचा माल घेऊन जाणारा ट्रक मात्र नाक्यावर उभा. ट्रकवाला तो टोल कोणाच्या भाड्यात धरतो हे सांगायला नको.

आता आमची माफी आठवा. जून २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. भर पावसाळ्यात, पेरणी-निंदणी टाकून, नवराबायकोने जोडीने केंद्रावर रांग लावायची. ऑनलाइन अर्ज, आधार, बोटांचे ठसे. खुरपे धरून धरून ज्या माउलीच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या तिचा ठसा यंत्राला उमटेना. दीड लाखाच्या वर कर्ज असेल तर वरची रक्कम आधी भरा, मग माफी. ज्याच्याजवळ वरची रक्कम असती तो थकला कशाला असता? मुलुंडच्या नाक्यावर कोणी विचारले का, बाबा, तू आयकर भरतोस काय, मागचा टोल नियमित भरला होतास काय?

आणि २०२४ च्या त्याच निवडणुकीत कर्जमाफीचे आश्वासन दिलेल्यांनी मार्च २०२५ मध्ये आम्हाला सांगितले, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. टोलचा शब्द निवडणुकीच्या आधी पाळता आला, आमचा मते पडल्यावरही तेव्हा पाळला नाही.

आमचे मुंबईशी भांडण नाही. आमचीच पोरे तिथे रिक्षा चालवतात, घाटकोपरच्या डोंगरावर राहतात, लोकलला लोंबकळून कामाला जातात. त्यांच्यासाठी पूल हवेत, गाड्या हव्यात. मुंबई महापालिकेने स्वतःच्या पैशाने गोरेगाव-मुलुंड रस्ता करावा, डोंगराखालून बोगदा काढावा, आमची ना नाही. भांडण हिशेबाशी आहे. कुलाब्याहून अंधेरीच्या सीप्झपर्यंत साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो झाली. २३,१३६ कोटींचा अंदाज ३७,२७६ कोटींवर गेला. बहुतेक पैसा जपानच्या कर्जाचा. कोणी म्हटले नाही की मुंबईकर कर्जबुडवा आहे, त्याला शिस्त नाही. २०१९ च्या कर्जमुक्तीत अख्ख्या महाराष्ट्रातल्या तीस लाखांवर खात्यांत मिळून सुमारे २० हजार कोटी गेले, तेव्हा मात्र अर्थशास्त्र्यांच्या डोळ्यांत पाणी आले. एक मेट्रो मार्ग एका बाजूला, साऱ्या राज्याचे थकलेले शिवार दुसऱ्या बाजूला, तरी मेट्रोचेच पारडे जड.

ते म्हणतील, मेट्रो उभी राहते, कर्जमाफी उडून जाते. बरे, मग आमचे उभे राहणारे काम दाखवा. गोसीखुर्दचे भूमिपूजन राजीव गांधींनी १९८८ साली केले. ३७२ कोटींचे धरण अठरा हजार कोटींच्या पुढे गेले, पोरांची नातवंडे झाली. उलट अंधेरीचा गोखले पूल पाहा. जुलै २०१८ मध्ये त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, माणसे मेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना! मीटरभराहून जास्त फरक. मग जॅक लावून बर्फीवाला पूल उचलला आणि चार-पाच महिन्यांत जोडला. इंजिनिअरची चूक झाली तर पूल उचलायला पैसा आहे. पाऊस चुकला तर शेतकरी उचलायला नाही.

शहरवाले आणखी एक सांगतात. १९७५ पासून आमच्या व्यवसाय करावर तुमची रोजगार हमी चालली. खरे आहे, नाकारत नाही. पण ज्वारीवर लेव्ही लावून ती स्वस्तात उचलली कोणी? १९७२ पासून तीस वर्षे कापूस एकाधिकारात कोंडला, हद्दीपलीकडे चांगला भाव असताना गाड्या अडवल्या, ते कोणाच्या हुकमाने? भाव बुडवून आधी लंगडे केले आणि मग कुबडीचे उपकार मोजता? ही चाल सुटलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, आमचा कापूस बोंडात असताना, आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, नेमकी आमची वेचणी संपेपर्यंत. त्याच हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर केला होता. एका हाताने पाटी, दुसऱ्या हाताने बाजार. आमच्याच कापसावर मुंबई उभी राहिली. तिकडे आता कॉटन ग्रीन नावाचे एक स्टेशन उरले आहे.

जिल्हा बैठकीला आमदार येतील तेव्हा पुलांचे, मेट्रोचे कौतुक त्यांना करू द्यावे. मग तालुकाध्यक्षांनी उभे राहून एकच विचारावे. पाच नाक्यांच्या टोलमाफीपोटी राज्याच्या तिजोरीतून आजपर्यंत किती कोटी गेले, आणि त्याच मुदतीत आपल्या तालुक्यातल्या अर्ध्यावर पडलेल्या पाझर तलावांना किती आले? दोन्ही आकडे लेखी घ्यावेत. तोंडी सांगितलेले आम्ही पुष्कळ ऐकले आहे.