विद्येचा वेष आणि वेषाचा व्यापार

‘कुंग फू’ या चिनी शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाही. दीर्घकाळ श्रम करून अंगी बाणवलेले कौशल्य, मग ते पाककलेतले असो वा मल्लविद्येतले, हा त्याचा अर्थ. ज्या शब्दाच्या पोटातच काळ आणि घाम आहे, त्याची अमेरिकी चित्रकथांच्या बाजाराने काय गत केली, ते पाहावे.

१९७३ साली ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ आला. तो पाहावयास ब्रूस ली उरला नव्हता, २० जुलैसच तो निवर्तला होता. लाट मात्र उसळली. मार्व्हलने त्याच वर्षी शांग-ची, १९७४ मध्ये आयर्न फिस्ट आणि डीसीने १९७५ मध्ये रिचर्ड ड्रॅगन हे नायक बाजारात उभे केले.

या तिघांची कुळे तपासा. आयर्न फिस्ट हा गोरा मुलगा. चिनी पुराणांत देवतांचे निवासस्थान मानलेल्या कुनलुन पर्वताच्या नावाने कल्पिलेल्या नगरीत तो दहा वर्षे राहतो आणि तिथली सर्वश्रेष्ठ शक्ती घेऊन न्यूयॉर्कला परततो. जन्मभर तिथे राबणाऱ्यांच्या हाती काय उरले? रिचर्ड ड्रॅगनही गोराच. उरला शांग-ची. तो चिनी वंशाचा. पण त्याला बाप दिला फू मांचू, म्हणजे इंग्रज कादंबरीकार सॅक्स रोमर याने रंगवलेला क्रूरकर्मा! परक्याने विद्या घ्यावी आणि ती त्याचा वारसा ठरावी. घरच्याने घ्यावी, तर त्याच्या माथी पित्याचे पाप. हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, पोरांच्या करमणुकीवर एवढा संताप कशाला? शिवाय, शांग-चीच्या कथांत अंतर्मुख चिंतन होते, रेखाटनही उत्तम होते. होते, हे आम्ही मान्य करतो. ती मालिका १९८३ पर्यंत टिकली, ती त्या गुणांवरच. परंतु म्हणूनच दोष अधिक सलतो. ज्यांना विद्येचा आत्मा दिसू शकत होता, त्यांनीही तिच्यावर बाजारू मुखवटा चढू दिला. पुढे लाट ओसरली. रिचर्ड ड्रॅगन १९७७ मध्ये अठराव्या अंकास आटोपला. आयर्न फिस्टला १९७८ मध्ये दुसऱ्या नायकाच्या जोडीस बांधावे लागले. आणि २०२१ साली शांग-चीवर चित्रपट निघाला, तेव्हा फू मांचूला वगळून नायकास दुसराच बाप द्यावा लागला. चूक कबूल करावयास जवळजवळ अर्धे शतक लागले.

दूरच्या अमेरिकेस दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आपल्या तालमीत मारुतीस नमस्कार केल्यावाचून कोणी मातीत उतरत नसे; बळाआधी विनय, ही तिथली पहिली शिकवण. त्याच मारुतीचे भुवया ताणलेले, रागीट चित्र आज आपणच गाडीच्या काचेवर हौसेने चिकटवतो. दास्यभक्तीने थोर झालेल्या त्या बलभीमाला आपणही वेषच चढवत नाही काय? मुलाच्या हाती चित्र देताना एवढे तरी त्याला सांगावे: मूठ वळणे सोपे असते, जोडलेले हात आधी शिकावे लागतात.