गणवेशाचा अधिकार कोठवर?

मुंबई, वसई, पुणे वा गोवा येथील कॅथलिक प्राथमिक शाळांच्या डायरीत पहिल्या काही पानांवर जी नियमावली छापलेली असते, तिच्यात साधारणपणे शर्टाचा रंग, पिनाफोरची लांबी, काळे बूट, पी.टी.च्या दिवशीचे पांढरे कॅनव्हास, खांद्याखाली केस असल्यास दोन वेण्या व ठरलेल्या रंगाच्या रिबिनी, मुलग्यांच्या केसांची लांबी, या सर्वांचा तपशील असतो. आणि त्याच ओघात, पुष्कळदा त्याच वाक्यात, मेंदी, टिकली, बांगड्या आणि मनगटावरचा दोरा यांनाही मनाई केलेली आढळते. नियम करणाऱ्यांना ही एकच यादी वाटते. वस्तुतः तिच्यात दोन वेगळ्या जातीचे नियम एकत्र शिवलेले आहेत. पहिले वस्त्राविषयीचे असून त्यांचा विषय सकाळी अंगावर चढतो व दुपारी उतरतो. दुसरे देहाविषयीचे असून त्यांचा विषय मुलाबरोबर घरी, देवळात, लग्नात आणि झोपेतही असतो. पहिल्या प्रकारचा अधिकार शाळेला निःसंशय आहे. दुसऱ्या प्रकारचा अधिकार पहिल्यातून आपोआप निघतो, हे मात्र मान्य करता येत नाही.

शाळेचा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी प्रामाणिकपणे मांडावयाची प्रतिपक्षाची बाजू, दुबळा नाही. गणवेश हा समतेसाठी असतो. फ्लॅटमधले मूल आणि चाळीतले मूल एका बाकावर बसते तेव्हा त्यांच्यातील अंतर निदान डोळ्यांना दिसू नये, हा त्याचा हेतू आहे, आणि एका खुणेला वाट दिली की उद्या दहा खुणा येतील व गणवेश नावापुरता उरेल, अशी भीती व्यवस्थापनाला वाटते. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिलेला आहे. पालकांनी प्रवेश घेताना नियमावलीवर सही केलेली असते. आणि तिरुवनंतपुरम येथील ख्राइस्ट नगर या कॅथलिक व्यवस्थापनाच्या शाळेविषयीच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डोक्यावरचा रुमाल व पूर्ण बाह्यांचा सदरा यांची मागणी फेटाळताना, विद्यार्थ्याच्या वैयक्तिक हक्कापेक्षा संस्थेचा व्यापक हक्क वरचढ ठरविला आहे.

यांतील समतेचा मुद्दा प्रथम घ्यावा, कारण तो खरा आहे आणि म्हणूनच त्याचा उपयोग जपून व्हावयास हवा. गणवेश झाकतो ती ऐपत. सोन्याच्या बांगड्या, महागडे घड्याळ, ब्रँडचे बूट हे ऐपतीचे प्रदर्शन असल्यामुळे त्यांवरची बंदी समतेच्या तत्त्वात सरळ बसते. काचेच्या बांगड्या खेळताना फुटून मनगट कापते, लोंबते डूल ओढले जाऊन कानाची पाळी फाटते. म्हणून तीही बंदी सुरक्षिततेच्या कारणाने योग्य आहे. वाढलेली नखे व उवा हा आरोग्याचा प्रश्न आहे. परंतु मेंदीच्या कोनाला किती पैसे पडतात? टिकलीच्या पाकिटाला किती? मोलकरणीच्या मुलीच्या हातावरची मेंदी आणि डॉक्टरच्या मुलीच्या हातावरची मेंदी एकाच रंगाची असते, आणि श्रीमंती मोजण्याचे याहून निकामी माप शोधूनही सापडणार नाही. येथे समतेचे नाव घेऊन वस्तुतः एकसारखेपणाची मागणी केली जाते. समतेच्या नावाने खरोखर तक्रार करावयाची असेल तर ती निराळ्याच ठिकाणी केली पाहिजे: ठरावीक दुकानातूनच घ्यावयाचा, दर दोन-तीन वर्षांनी नक्षी बदलणारा गणवेश गरीब पालकाच्या खिशाला जो भार देतो, त्याचा उल्लेख शिस्तीच्या चर्चेत क्वचितच होतो.

प्राथमिक शाळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक आहे. सहा-सात वर्षांचे मूल स्वतःला सजवीत नाही. त्याला सजविले जाते. मावशीच्या लग्नात हात पुढे कर म्हटले की ते करते, आजीने दृष्ट लागू नये म्हणून मनगटाला काळा दोरा बांधला की बांधून घेते. मेंदी पाण्याने धुतली जात नाही, ती आठ-दहा दिवस आपल्या गतीने फिकी होते, आणि त्या दिवसांत प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला काढलेले, हात मागे लपवून उभे असलेले मूल अशा कृत्याचे शासन भोगते, जे त्याने केलेले नाही आणि जे आता त्याला पुसताही येत नाही. मुंज झालेला आठ वर्षांचा मुलगा तुळतुळीत डोके व शेंडी घेऊन वर्गात येतो. वारकरी घरातले मूल गळ्यात तुळशीची माळ घालते, आणि माळ एकदा घातली की उतरवावयाची नसते, हे त्या घराचे व्रत असते. अशा माळेला ‘दागिना’ म्हणणारी नियमावली चुकीच्या शब्दाने चुकीचा निर्णय करते.

याच संदर्भात कॅथलिक शाळेला तिच्याच पंचांगातील एका दिवसाची आठवण करून देणे उचित ठरेल. प्रायश्चित्तकाळाचा प्रारंभ ज्या राखेच्या बुधवारी होतो, त्या दिवशी भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला जातो, आणि सकाळच्या मिस्सेनंतर कॅथलिक मुले तो तसाच घेऊन वर्गात येतात. त्यांचे कपाळ पुसावे असे कोणत्याही धर्मभगिनी-मुख्याध्यापिकेला वाटत नाही, आणि वाटूही नये. पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेल्या मुलाच्या गळ्यातले मरियेचे पदक सदऱ्याखाली असते तोवर कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. मग कपाळावरच्या राखेने जी एकरूपता भंगत नाही ती शेजारच्या बाकावरच्या टिकलीने कशी भंगते, या प्रश्नाला ‘ही शाळा आमची आहे’ याखेरीज दुसरे उत्तर उरत नाही. आणि ते दिल्याबरोबर समतेचा मूळ युक्तिवाद मागे घ्यावा लागतो.

अनुच्छेद ३० चा आधार वाटतो तितका विस्तृत नाही. केरळ शिक्षण विधेयकावर १९५८ मध्ये दिलेल्या अभिमतातच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट रीतीने चालविण्याचा हक्क अंतर्भूत होत नाही. २०१८ चा निकाल शाळेच्या बाजूचा आहे हे खरे. पण तो गणवेशात भर घालणाऱ्या वस्त्रांविषयीचा आहे, आणि एखादा नियम करण्याची मुभा असणे व तो नियम शहाणपणाचा असणे या दोन गोष्टी न्यायालयही एक मानीत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे, आणि त्याच कलमाचा हवाला देऊन राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास राखी, टिळा वा मेंदीसाठी मुलांना शिक्षा करू नये असे राज्यांना कळविले होते. हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात ठरविले असल्याने त्यांच्यावर या कलमाची सक्ती नाही, असे कायदेपंडित सांगतील. सांगोत. जी पळवाट मुलाला रांगेबाहेर उभे करण्यासाठी वापरावी लागते, ती धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने वापरू नये.

एका सवलतीतून दहा सवलती निघतील, या भीतीचा अनुभवाच्या कसोटीवरही विचार झालेला आहे. लंडनच्या हॅरो भागातील सेंट ग्रेगरीज या कॅथलिक माध्यमिक शाळेने टोळ्यांची संस्कृती आत शिरू नये म्हणून मुलग्यांना डोक्यालगत गुंफलेल्या बारीक वेण्या घालण्यास बंदी केली होती. आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या घरात तशा वेण्यांची परंपरा होती. २०११ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने शाळेचा हेतू वाईट ठरविला नाही, केशभूषेचे नियमही रद्द केले नाहीत. अपवादाचा विचारच करावयाचा नाही, या हट्टाला मात्र त्याने अप्रत्यक्ष वांशिक भेदभाव म्हटले, म्हणजे दिसायला सर्वांना सारखा असूनही प्रत्यक्षात एकाच समूहावर अधिक भार टाकणारा नियम. शाळेपुढे खुणांची संख्या कधीच अमर्याद नसते, कारण घरात खरोखर पाळल्या जाणाऱ्या प्रथा मोजक्या असतात. हाच न्याय डोक्यावरच्या रुमालालाही लावावा लागेल, मग तो व्यवस्थापनाला कितीही अवघड वाटो: तो गणवेशाच्याच रंगाचा असावा, अशी अट घालता येते.

मात्र कायद्यापेक्षा प्रभावी आधार खुद्द चर्चच्या इतिहासात आहे, आणि तो गोव्याच्या अंगणातला आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रात ख्रिस्ती झालेल्यांना धोतर, चोळी यांसारख्या पोशाखापासून लग्नातील कित्येक साध्या चालींपर्यंत अनेक गोष्टींची मनाई केली होती; अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात या कारभाराची तपशीलवार नोंद केलेली आहे. वेशातून श्रद्धा ओळखावी आणि वेश बदलून श्रद्धा पक्की करावी, ही त्यामागची समजूत होती. तथापि त्याच चर्चमध्ये तिच्या विरुद्ध दिशेचा प्रवाहही आधीपासून वाहत होता. १६०६ मध्ये मदुराईला पोहोचलेल्या रॉबेर्तो दे नोबिली या जेझुइट धर्मगुरूने संन्याशाचा वेश घेतला आणि नवख्रिस्त्यांना जानवे, शेंडी व गंध ठेवू दिले. त्यावर गोव्यात १६१९ मध्ये परिषद भरली, आर्चबिशपांनी विरोध केला, प्रकरण रोमला गेले, आणि १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी अंधश्रद्धेचा भाग वगळून या खुणा ठेवण्यास परवानगी दिली. १६५९ मध्ये रोमच्या धर्मप्रसार मंडळाने आशियाकडे निघालेल्या धर्मप्रांतप्रमुखांना बजावले की, धर्म व नीती यांना उघड विरोध नसेल तर लोकांच्या चालीरीती बदलावयास लावू नयेत. ही उदारता अठराव्या शतकात पुष्कळ आवळली गेली, हे लपविण्याचे कारण नाही. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी ख्रिस्ती शिक्षणावरील आणि ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या नात्यावरील अशी दोन्ही घोषणापत्रे प्रसृत केली, तेव्हा कोणत्या प्रवाहाचे पाणी पुढे न्यावयाचे हे ठरले. भारतातील कॅथलिक बिशप परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना देताना इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत असे सांगितले आणि रोजच्या प्रार्थनासभेत घटनेची उद्देशिका वाचण्याचा आग्रह धरला. जिला जानवे चालले त्या परंपरेच्या वारसाला टिकली अडावी, यात विसंगतीपेक्षा विस्मरण अधिक आहे.

खंडन येथे थांबत नाही, कारण दुसरीकडूनही एक सोपा युक्तिवाद केला जातो: हे नियम म्हणजे धर्मांतराचा छुपा कार्यक्रम होय. मेंदी आणि नेलपॉलिश यांवरची बंदी कॅथलिक मुलीलाही तितकीच लागू असते, आणि कोणत्याही धर्माशी संबंध नसलेल्या कित्येक खासगी इंग्रजी शाळांतही ती शब्दशः आढळते. तिचे मूळ धर्मप्रसारापेक्षा वसाहतकालीन निवासी शाळांच्या शिस्तीत शोधणे अधिक युक्त आहे. मुलाच्या मनगटाचे निमित्त करून फाटकावर घोषणा देणारा जमाव त्या मुलाला मुख्याध्यापिकेपेक्षा कितीतरी अधिक घाबरवितो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यालाच सर्वांच्या नजरा झेलाव्या लागतात. गणवेशच नको, असे म्हणणाऱ्यांनी रोज सकाळी कोणते कपडे घालावेत या प्रश्नाने गरीब घरात काय होते याचा विचार करावा.

तेव्हा मंडनाचा भाग असा की, गणवेश राहावा आणि काटेकोरपणे राहावा; पण त्याचे कापड कोणत्याही दुकानात मिळेल असे असावे आणि शाळेचे चिन्ह वेगळे मिळून घरी शिवता यावे. देहावरच्या खुणेला मनाई करावयाची असेल तर त्या खुणेपुढे कारण लिहावे: इजा, आरोग्य किंवा ऐपतीचे प्रदर्शन. ज्या खुणेपुढे यांपैकी काहीच लिहिता येत नाही ती यादीतून काढावी. जी मनाई उरेल तिच्या भंगाचा शेरा मुलाच्या हातून घरी न पाठविता पालकांना बोलावून सांगावा, आणि तोवर मूल रांगेत आपल्या जागीच उभे राहावे. महाराष्ट्रात डायरी जूनपूर्वी छापखान्यात जाते. पालक-शिक्षक संघाच्या एका बैठकीत हा मजकूर दुरुस्त होऊ शकतो, आणि त्यासाठी न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही.