विरोधकांवाचून विधिमंडळ

सुरतेच्या दक्षिणेस सचिन हे गाव आहे. एके काळी तेथे सिद्दी नबाबांचे संस्थान होते. १७९१ साली जंजिऱ्याच्या गादीचा दावेदार बाळू मियाँ ह्याने पेशव्यांशी तडजोड करून आपला हक्क सोडला आणि मोबदल्यात हा मुलूख घेतला. (पेशव्यांच्या हाती जंजिरा अखेरपर्यंत आला नाही, ही गोष्ट निराळी!) आज तेथे कारखान्यांची धुरांडी उभी आहेत व परप्रांतांतून पोटासाठी आलेला कामकरी त्यांच्या सावलीत राहतो.

६ जानेवारी २०२२ रोजी ह्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असता विषारी वायू पसरला आणि सहा कामगार प्राणांस मुकले. ६ जुलै २०२४ रोजी सचिनच्या पाली भागात राहती इमारत कोसळून सात बळी गेले. ह्या मरणांचा जाब गरिबाने मागावा कोठे? विधानसभेत, असे राज्यघटना सांगते. पण २०२२ च्या निवडणुकीत गुजरातेत १८२ पैकी १५६ जागा एकाच पक्षास मिळाल्या. काँग्रेसचे सतराच निवडून आले, आणि एकदशांश भरत नाहीत म्हणून त्यांना विरोधी पक्षनेतेपद नाकारण्यात आले. पुढे २०२४ मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात एका उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि मतदान झालेच नाही! सचिन नवसारी मतदारसंघात, म्हणून तेथील मतदाराच्या बोटाला शाई तरी लागली.

महाराष्ट्राने ह्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. २०२४ साली आपल्याही विधानसभेत एकाही विरोधी पक्षाला २९ चा आकडा गाठता आला नाही. दिल्लीत तर पंधराव्या लोकसभेने शंभरांतील ७१ विधेयके समित्यांकडे छाननीस धाडली होती, सतराव्या लोकसभेने अवघी १६. शेतीचे कायदे २०२० मध्ये राज्यसभेत आवाजी मतदानाने रेटले गेले. २०२१ मध्ये ते मागे घेतानाही चर्चा झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये १४६ खासदार निलंबित झाले आणि त्याच अधिवेशनात फौजदारी कायदे बदलले गेले. काँग्रेसवाल्यांनी ह्यावर फार गळा काढू नये. १९७६ ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती विरोधक तुरुंगात असतानाच झाली होती!

आम्ही चळवळीची माणसे. तडजोड हा शब्द आमच्या कानांना गोड लागत नाही. तरीही आम्ही विचारतो, संयुक्त महाराष्ट्राचा लढा रस्त्यावर झाला, पण त्याचे फळ कोठे पदरात पडले? १९५७ च्या द्विभाषिक विधानसभेत एस. एम. जोशींसारखे समितीचे नेते विरोधी बाकांवर बसले, महागुजरातवालेही बसले, आणि समोर यशवंतराव चव्हाण होते. वैर कडवे होते, हुतात्म्यांचे रक्त ताजे होते. पण समोरच्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर नाही, हे सत्ताधाऱ्यांना त्या बाकांकडे पाहूनच उमगले. १९६० च्या कायद्यात डांग गेले, उंबरगाव गेले, त्याची सल आम्हांस आजही आहे. पण मुंबई मिळाली.

एकदशांशाचा हा दंडक राज्यघटनेत कोठेही लिहिलेला नाही. २०१५ साली दिल्लीच्या सत्तर जणांच्या विधानसभेत भाजपचे तिघेच निवडून आले होते, तरी त्यांच्या विजेंदर गुप्तांना विरोधी पक्षनेता मानले गेले. तेथे तीन पुरले, मग गांधीनगरला सतरा का पुरू नयेत? आणि मुंबईत ठाकरे यांच्या पक्षाचे वीस निवडून आले, ते का पुरू नयेत? दोन्ही अध्यक्षांनी ह्याचे उत्तर सभागृहात द्यावे.