‘नाही’ कोठे बसते?

वांकिडी हे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा सोडून आसिफाबादच्या रस्त्याने निघाले, की महाराष्ट्राची हद्द संपते आणि पुढे हे गाव लागते. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हापासून ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. ह्या सीमाभागातील कित्येक घरांत मराठीच बोलतात. राज्य मात्र बदलत गेले. १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, १९५६ साली आंध्र प्रदेश, २०१४ साली तेलंगणा. आजोबांच्या कागदांवर उर्दू, वडिलांच्या कागदांवर तेलुगू, आणि २०२२-२३ पासून तेलंगणातील सरकारी शाळांत पहिली ते आठवीस इंग्रजी माध्यम सुरू झाल्यामुळे नातवाच्या दप्तरात इंग्रजी. अशा घरी इंग्रजी कागद आला, की तो वाचून दाखविण्याचे काम बारा वर्षांच्या मुलाकडे येते. हे लहान काम नव्हे.

समजा, आजोबांचा खोकला महिनाभर हटलेला नाही. छातीचा फोटो काढला आहे आणि इस्पितळातून चिठ्ठी आली आहे. चिठ्ठीत शब्द आहेत, ‘इट मे नॉट बी टीबी’. मुलाची नजर ‘नॉट’वर पडली आणि त्याने सांगून टाकले, ‘आजोबा, टीबी नाही.’ घराला हायसे वाटले. थुंकी तपासण्यासाठी पुन्हा यावे, ही पुढची ओळ मग कोण मनावर घेतो? वास्तविक डॉक्टरांनी एवढेच म्हटले होते, की टीबी नसेलही. म्हणजेच असेलही! टीबी असणे शक्यच नाही, असे त्यांना म्हणावयाचे असते, तर त्यांनी ‘इट कॅनॉट बी टीबी’ असे लिहिले असते.

दोन्ही वाक्यांत ‘नॉट’ आहे, आणि दोन्हींत ते साहाय्यक क्रियापदाच्या पाठीशीच उभे आहे. दिसावयास सारखेच. परंतु अर्थाच्या दृष्टीने ते एकाच ठिकाणी बसलेले नाही. ‘कॅनॉट’मध्ये नकार शक्यतेलाच लागतो, शक्यताच नाही, दार बंद. ‘मे नॉट’मध्ये शक्यता शाबूत राहते आणि नकार पुढच्या क्रियेकडे जातो, न होण्याची शक्यता आहे, दार अर्धे उघडे. मराठीत हा भेद आपण रोज पाळतो. ‘हे खरे असू शकत नाही’ आणि ‘हे खरे नसू शकेल’ ह्यांत कोणी गोंधळ करीत नाही. ‘तो घरी नसेल’ असे म्हणणारा माणूस तरीही एकदा जाऊन कडी वाजवून पाहतो. गोंधळ इंग्रजी शिकताना होतो, आणि त्याचे बरेचसे अपश्रेय ‘कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजेही शकणे’ असे घोकून घेणाऱ्या मार्गदर्शिकांना द्यावे लागेल.

वांकिडीच्या मुलाजवळ मात्र एक जास्तीची किल्ली आहे, आणि ती म्हणजे त्याच्या कानावरून रोज जाणारी तेलुगू. तेलुगूत ‘तो येऊ शकत नाही’ ह्याला ‘रालेडु’ म्हणतात आणि ‘तो कदाचित येणार नाही’ ह्याला ‘राकपोवच्चु’. ह्यातील ‘राक’ म्हणजे ‘न येता’. नकार येण्याच्या क्रियेलाच चिकटला आहे आणि शेवटचा ‘वच्चु’ शक्यता राखून आहे. ‘ही मे नॉट कम’ हे नेमके ‘राकपोवच्चु’, आणि ‘ही कॅनॉट कम’ हे ‘रालेडु’. येऊच नये, अशी मनाई असेल तर ‘राकूडदु’. ते इंग्रजीत ‘मस्ट नॉट कम’. तीन अर्थांना तीन शब्द, ऐकताक्षणी वेगळे कळणारे. आजोबांच्या उर्दूतही ‘हो सकता है न आए’ आणि ‘नहीं आ सकता’ हे निरनिराळेच आहेत. घरात इतक्या भाषा असणे हे मुलाच्या डोक्यावर ओझे आहे, असे पुष्कळ लोक समजतात. मला ते पटत नाही.

ज्यांना तेलुगू येत नाही त्यांनी एक साधी परीक्षा करावी. वाक्यापुढे ‘पण होईलही’ असे जोडून पाहावे. ‘कदाचित गाडी येणार नाही, पण येईलही’ हे जमते. तेथे ‘मे नॉट’. ‘गाडी येणे शक्यच नाही, पण येईलही’ हे हास्यास्पद, तेथे ‘कॅनॉट’.

‘मस्ट’ची गोष्ट थोडी फसवी आहे. खिडकीत दिवा दिसला, की आपण ‘ही मस्ट बी अॅट होम’ म्हणतो, तो घरी असलाच पाहिजे. दाराला कुलूप दिसले, तर मुले नियमाप्रमाणे ‘मस्ट नॉट बी’ लिहितात. परंतु अशा खात्रीच्या अनुमानाचा नकार इंग्लंडच्या इंग्रजीत ‘कान्ट बी’ असा करतात. ‘मस्ट नॉट’ हे तेथे मनाईचे शब्द. अमेरिकेत अनुमानासाठीही ‘मस्ट नॉट’ चालते, म्हणून तेथील पुस्तकात ते आढळल्यास छापण्यातील चूक समजू नये.

तसेच ‘कुड’चे. ‘इट कुड बी ट्रू’ आणि ‘इट माइट बी ट्रू’ ह्यांत फारसा फरक नाही, खरे असेलही. पण दोहोंत ‘नॉट’ घातले, की त्यांच्या वाटा फुटतात. ‘माइट नॉट’ म्हणजे नसेलही, आणि ‘कुड नॉट’ म्हणजे शक्यच नाही. होकारात जोडीने चालणारे शब्द नकारात असे वेगळे होतात, ह्याचे नवल वाटते खरे.

आणखी एक सावधगिरी. कचेरीच्या पाटीवर ‘व्हिजिटर्स मे नॉट एंटर’ असे असेल, तर तेथे कदाचितचा काही संबंध नाही. आत जाण्यास परवानगी नाही, इतकाच अर्थ. पाटी, नियमावली, परीक्षेच्या सूचना ह्यांतील ‘मे नॉट’ बहुधा मनाईचा असतो. पत्रात किंवा वैद्यकीय अहवालात तो बहुधा शक्यतेचा. कागद कोणी कोणास लिहिला आहे, हे आधी पाहावे.

झालेल्या गोष्टीविषयी बोलताना पुढे ‘हॅव’ येतो. ‘ही मे नॉट हॅव रिसीव्ह्ड द लेटर’, त्याला पत्र मिळाले नसेल. पुन्हा लिहावे हे बरे. ‘ही कॅनॉट हॅव रिसीव्ह्ड द लेटर’, त्याला ते मिळालेले असणे शक्यच नाही; उदाहरणार्थ, पाकीट आपल्याच खिशात राहिले आहे!

आता मुलांनी पुढील वाक्ये इंग्रजीत करून पाहावीत. नाल्याला पूर आहे, बस कदाचित येणार नाही. एवढ्या रात्री दुकान उघडे असणे शक्यच नाही. बाबांनी अजून चिठ्ठी वाचली नसेल. ह्या गोळ्या उपाशीपोटी घ्यावयाच्या नाहीत. उत्तरे पुढील अंकी.