दंडातला उंदीर

घरात दहा-अकरा वर्षांचा मुलगा असला की तो कधी ना कधी बाही वर करतो, हात वाकवतो आणि म्हणतो, 'माझी बेटकुळी बघा!' आम्हीही कौतुकाने बोटाने दाबून पाहतो. बेटकुळी म्हणजे मूळची बेडकुळी, छोटासा बेडूक. ज्याला कुणाला दंडात पहिल्यांदा बेडूक दिसला, त्याला आमचा जयभीम!

रोमच्या लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. लॅटिनमध्ये 'मुस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. कातडीखाली वरखाली होणारा गोळा त्यांना पळत्या उंदरासारखा वाटला. तोच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन 'मसल' झाला. ग्रीकांनी तर दोन शब्द करण्याचीही तसदी घेतली नाही. त्यांचा 'म्यूस' हाच उंदीर आणि हाच स्नायू. दवाखान्याच्या कागदावर 'मायोकार्डियम' असे लिहिलेले पाहून घरची माणसे घाबरतात, त्यातला 'मायो' हाच. हृदयाचा स्नायू, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

आणखी पाहा. इंग्रजी 'माउस', लॅटिन 'मुस', संस्कृत 'मूष' आणि आपल्या पालीतला 'मूसिक' ही सारी एकाच घरची भावंडे आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात सांगितले. पुढच्या अभ्यासकांनी ते एकेक शब्द ताडून दाखवले. मग देववाणी कोणती आणि म्लेच्छांची कोणती? उंदीर देवांच्या नव्हे, कष्टकऱ्यांच्या कणगीतले धान्य खातो. त्याला नाव ठेवायला कोणी ऋषी लागला नसणार.

याच देववाणीपासून बाबासाहेबांना शाळेत दूर ठेवले गेले. त्यांना फारशी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या जिद्दीने संस्कृतचा अभ्यास केला आणि पालीच्या शब्दकोशाचेही काम केले. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात ते छापलेले आहे. विहाराच्या कपाटात हा खंड असेल, तर मुलांच्या हाती जरूर द्यावा. कुलुपात ठेवू नये.

जाता जाता शाळकरी मुलांसाठी एक. 'मसल'च्या स्पेलिंगमधला 'सी' बोलायचा नाही, पण लिहायचा. विसरत असाल तर 'मस्क्युलर' म्हणून पाहा, तो लगेच 'क' होऊन ऐकू येतो. 'मुस्कुलुस'मधला 'क' तो हाच.